पुसलेला कापूस

प्रिय ताई,

गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. तुमच्या सूतगिरणीवरच्या माहितीपटाची फाइल चॅनेलकडे चढते आहे, अडतीस टक्के झाली आहे, आणि मी तिच्यासमोर बसून हे लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर तू विषय बदलतेस, नाहीतर खोकला आला की 'काही नाही रे' म्हणून ठेवून देतेस. पत्रात तुला मला अडवता येणार नाही.

मी काय काम करतो ते तू शेजारणींना 'टीव्हीचं काहीतरी' असं सांगतेस. आज नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माहितीपटाचं इतकं बारीक चित्रण जसंच्या तसं पाठवलं तर कुणाच्याही घरचं इंटरनेट बसकण मारील. म्हणून ते दाबून लहान करतात. नव्या फॉरमॅटमध्ये तेच चित्र जुन्याच्या निम्म्या जागेत मावतं. एक चित्र पूर्ण पाठवायचं, पुढच्यांत फक्त जे बदललं तेवढंच. कॅमेऱ्यातून चित्रावर येणारी बारीक ठिपक्यांची रवाळ कणकण मात्र दर चित्रात बदलते, म्हणून ती आधी पुसायची आणि घरच्या टीव्हीने आपली बनावट कणकण वरून भुरभुरायची. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी तपासनीस. मूळ आणि दाबलेलं शेजारी शेजारी लावायचं, फरक शोधायचा, तक्त्यावर सही करायची. त्या सहीशिवाय फाइल बाहेर जात नाही.

मंगळवारी बत्तिसाव्या मिनिटाला तू आलीस. दोन वर्षांपूर्वीची, कापूस पिंजतात त्या खात्याच्या दारात. डाव्या पडद्यावर मूळ चित्रण: हवेत कापसाचे तंतू इतके दाट, की मागची यंत्रं धुक्यात उभी वाटतात, आणि तू तोंडापुढे हात हलवत आत जातेस. उजव्या पडद्यावर हवा लख्ख. तिथे तू उगाच हात हलवतेस, वेड लागल्यासारखी. यंत्राने कापसालाच कणकण समजून पुसलं होतं. आणि ती पुसणी सगळ्यात वरच्या खुणेवर मीच नेऊन ठेवली होती, सोमवारी. फाइल केवढी लहान झाली म्हणून स्वतःवर खूश होतो. पहिल्या भागावर सहीसुद्धा ठोकली होती. ताई, गिरणीतल्या आजारांची चौकशी करणारी समिती हीच फाइल बघणार आहे. गिरणीवाले म्हणतात, खात्यातली हवा स्वच्छ होती. मी ती त्यांना फुकटात स्वच्छ करून दिली होती.

तुला माहीत आहे, मी कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस. तरी तक्ता घेऊन साहेबांकडे गेलो आणि पहिल्या भागावरची माझी सही त्यांच्यासमोर खोडली. ते म्हणाले, अरे शहाण्या, दोन्ही चित्रं जुळतात म्हणून मशीनने शंभरपैकी सत्त्याण्णव मार्क दिलेत, तुला शाळेत किती पडत होते? मी म्हटलं, पस्तीससुद्धा नाही साहेब, पण जे गेलंय ते याच तीन मार्कांत गेलंय. मग म्हणाले, बहीण दिसली म्हणून नाटकं करतोस. मी म्हटलं, हो, बहीण दिसली म्हणूनच कळलं. ज्यांची दिसली नाही त्यांचंही पुसलंच गेलंय. त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. मी पेन खिशात ठेवलं.

जिना उतरलो आणि माहितीपट करणाऱ्या बाईंना सरळ फोन लावला. आमच्याकडे हा मोठा गुन्हा, गिऱ्हाइकाशी फक्त साहेबांनी बोलायचं. बाई आधी माझ्यावरच बरसल्या, मग म्हणाल्या, किती वेळ हवाय तुला? मी एक दिवस मागितला. गिरणीच्या एकशे बारा दृश्यांवरची पुसणी काढली. फाइल फुगली. मग मुलाखतींमध्ये मागच्या कोऱ्या भिंतींवर जी जागा वाया जात होती, ती दृश्यागणिक कापून कापसाला दिली. चॅनेलच्या मर्यादेच्या तीन टक्के आत बसवली आणि मग तक्त्यावर सही केली. बाईंनी पडद्याजवळ येऊन पाहिलं आणि नकळत नाकाला पदर लावला. साहेबांनी फाइल सोडली आणि मलाही सोडलं. आजचा दिवस शेवटचा. वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटत नाहीये.

आता ज्यासाठी बसलो ते. भावजींवर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. गिरणीने तुला कागद दिलाय, 'माझ्या आजाराचा खात्यातल्या हवेशी संबंध नाही' असा, आणि सोमवारी त्यांचे पैसे घेऊन तू त्यावर सही करणार आहेस. का, तेही कळलं. माझ्या संध्याकाळच्या वर्गाची फी एकरकमी भरायला. ताई, माझ्या नावावर हे करू नकोस. तुझ्या फुफ्फुसांच्या पैशांतून मला शिकायचं नाही. वर्गात बोलून फीचे हप्ते करून घेतले आहेत. तो कागद सही न करताच परत कर आणि समितीपुढे जा. ते म्हणतील हवा स्वच्छ होती, तेव्हा बत्तिसावं मिनिट लावायला सांग. खाली पै न पै मांडली आहे. दोनदा बेरीज केली आहे, तू तिसऱ्यांदा कर.

कुणाचंही न ऐकणारा, तुझाच
धाकटा

खर्च झाला: तुझ्या औषधांचे, भावजींकडे दिले, २,६५०.
देणं: खोलीचं भाडं ४,५००, वर्गाचा पहिला हप्ता १,४००. एकूण ५,९००.
येणं: साहेबांकडून अठरा दिवसांचा पगार, १०,८००.
देणं भागवून उरतात ४,९००.
गिरणीचे पैसे जमेस धरलेले नाहीत.