मांजरीच्या जबड्यातली गाठ

नाना, आपली ती पांढरी मांजरी आठवते ना? ती तुम्हाला आवडत नव्हती, असं तुम्ही जगाला सांगायचात. सोवळ्याला घासून गेली की "बाटवलं मेलीनं" म्हणत पुन्हा विहिरीवर जायचात, आणि जेवताना मात्र दूधभाताचा शेवटचा घास पानाच्या कडेला सरकवायचात. मानवतच्या त्या घरात हे ढोंग आईला, मला आणि मांजरीला, तिघींनाही ठाऊक होतं.

दुखणं पहिल्यांदा ओळखलं आईनं. निजामाचं राज्य जाऊन तीनचार वर्षं झाली असतील. "अहो, ती एका बाजूनंच खायलीय," ती चुलीपाशी म्हणाली. मांजरी मान वाकडी करून खायची, घास तोंडातून सांडायचा. अंग चाटणं तिनं सोडलं होतं आणि तोंडाला वास येत होता. तुम्ही जबडा चाचपलात. खाली सुपारीएवढी गाठ, हलवली तरी न हलणारी. "गळू असंल, फुटंल," म्हणालात. हळदीचे लेप झाले, गाठ वाढतच गेली. रोज सकाळी मी आधी तिच्या तोंडाकडे बघायची.

शेवटी गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले सलोतरी, म्हणजे गुरांचे डॉक्टर, जुन्या राजवटीतले. त्यांनी तिचं तोंड उघडून बराच वेळ पाहिलं. "पंडितजी, गळू असतं तर एव्हाना फुटलं असतं. हे हाडाला धरून हाय. सरतान असावा, पण खात्री न्हाई देऊ शकत." कॅन्सरसाठी मी ऐकलेला पहिला शब्द तोच. पातळ खाऊ घाला, तोंड पुसत जा, ते म्हणाले, आणि पाणीसुद्धा पिईना झाली तर घेऊन या. क्लोरोफॉर्मचा बोळा नाकाशी धरला की झोपेत जाईल. तुमचा चेहरा पांढराफटक पडला. पडणारच. कुणाच्या हातून मांजर मेलं तर गावाला प्रायश्चित्त सांगणारे तुम्हीच. सोन्याची मांजर दान करा, ऐपत नसेल तर उपास करा, असं कितीजणांना सांगितलं होतंत!

मग आपलं सगळं घरच टांगणीला लागलं. ती कणगीमागच्या अंधारात जाऊन बसायची. तुम्ही तिथं वाकून तुरटीच्या पाण्यानं तिचं तोंड पुसायचात, बोटानं दूध चाटवायचात, हातभर ओरखडे घेऊन बाहेर यायचात. "देव सोडवील तिला, तुमी मधी पडू नका," आई म्हणायची. देवाला एवढा उशीर का लागतोय, म्हणून मी देवावर चिडले होते आणि गप्प बसता म्हणून तुमच्यावरही.

एका सकाळी तिनं पाण्याला तोंड लावलं आणि ओरडून मागे सरली. पुन्हा वाटीपाशी गेली, पुन्हा ओरडली. तुम्ही पूजा अर्धी टाकून उठलात, उपरण्यात तिला गुंडाळलंत. आई दारात आडवी आली. "उद्या पूजेला कोण बोलावंल तुमाला?"

"तहानली हाय ती," तुम्ही एवढंच म्हणालात.

परत आलात ते रिकाम्या हातांनी. ओट्यावर दोन माणसं मुहूर्त काढायला येऊन बसली होती. त्यांना ऐकू जाईल असं आईनं विचारलं, "वाटेतच गेली न्हवं?" किती सोपी वाट काढून दिली होती तिनं!

"न्हाई. बोळा सलोतऱ्यानं धरला, तिला मी धरलं. दुसऱ्या कुणाच्या हातात राहीना."

माणसं मुहूर्त न विचारताच उठली. पुढं पूजेला बोलावणारी बरीच घरं तुटली. तुम्ही लोकांना सांगायचात तेच उपास मुकाट्यानं केलेत, पण त्या दिवसाबद्दल वाईट वाटतं असं कधी म्हणाला नाहीत. मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी लिहितेय. माझ्या मांजरीच्या जबड्याला गाठ आली आहे. तुकडा तपासायला पाठवलाय, अजून काही कळलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी काल विचारलं, वेळ आलीच तर तुम्ही तिला धरून थांबाल ना? मी पटकन हो म्हणाले. तुम्हाला म्हणून सांगते नाना, अजून तरी ते खोटं आहे.