कॉलेजात न्यायचं रुखवत

ती. कडूमावशीस, वैष्णवीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मावशी, आदी खरं सांगते, चार रोजापास्नं डोळ्याला डोळा लागला न्हाई. लेकरू रडतंय म्हनून न्हाई, ते तर मजेत घोरतंय. मी पुन्याच्या धंद्याच्या कॉलेजाला जे लिहून दिलंय ते आता माघारी घेता येत न्हाई, आन वरून त्यांला ते आवडलंय, म्हनून झोप न्हाई. तुजे गुडघे कसे हायेत? स्टँडाम्होरं बांगड्याच्या गाड्यावर सावली केली का? इकडं समदे खुशाल. फोनच लावला असता, पन आमच्या संस्कृतीनं मोबाईल हौदात टाकला, तुजा नंबर बी त्याच्यातच बुडाला. (नाव संस्कृती ठेवलं, पन जन्मल्यापास्नं एक बी गोष्ट तसली केली न्हाई.) म्हनून जीपवाल्या हनुमानाजवळ चिठ्ठी देते. जो कोनी मावशीला हे वाचून दाखवतोय त्यानं जरा हळू वाचावं, गाड्यावर गिऱ्हाईक असंल.

तर झालं असं. मपला चटनीचा धंदा तुला ठावूकच हाय. जवसाची, कारळाची, शेंगदान्याची. बचत गटाच्या अंजलीताई म्हनल्या, पुन्याला धंदा शिकवायचं मोठं कॉलेज हाय, तिथं खेड्यातल्या बायांसाठी तीन म्हैन्याचा वर्ग निघालाय, ऱ्हायचं-खायचं त्यांचं, लेकरू बी संगं नेता येतं. मी म्हनलं, ताई, मी सातवी. त्या म्हनल्या, शाळा न्हाई बघत ते, तीन प्रश्न हायेत, त्याची उत्तरं मनानं लिही. आता मावशी, मपलं मन बीडच्या म्होरं कधी गेलंय का? पन केजच्या दुकानात मपलीच चटनी दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून इकत्यात, ते बघून लई दिवसाचं वाटत होतं की हे कसं करत्यात ते आपुन बी शिकावं. म्हनून हो म्हनलं.

पहिला प्रश्न सोपा होता, तुमी कोन. दुसरा न् तिसरा बघून मी कागद डब्याखाली दडवला. तिसऱ्यात इचारलंतं, तुमच्या येन्यानं वर्गातल्या बाकीच्यांना काय मिळंल? मी इचार करून करून भाकर करपवली. तवा आत्याबाईनं (मपल्या सासूनं, रतनबाईनं) इचारलं, कावून गं, कुनी मेलं का? मी प्रश्न वाचून दाखवला. तर त्या म्हनल्या, "यात अवघड काय हाय? पोरगी नांदायला चालली की समदेच हे इचारत्यात. आपल्याकडं पोटात इचारत्यात, ते शिकलेले हायेत म्हनून कागदावर इचारलं." आन त्यांनी भिंतीवरून शेजारच्या बायनाबाईला हाक मारली. मंग काय, दोघी बसल्या बाजंवर आन मी खाली, लग्नाची यादी करतात तशी.

मी लिहिलं ते असं. सगळ्या वर्गाला पाटावरच्या शेवया, कुरडया, ज्वारीच्या पापड्या. मास्तरला टॉवेल-टोपी. मास्तरीनबाईला खन-नारळ. मोठ्या सायबाला काय द्यावं यावर दोघींचं भांडन झालं. बायनाबाई म्हनल्या फेटा, आत्याबाई म्हनल्या पुन्याचा मानूस फेट्यात गुदमरंल, शेवटी तांब्या ठरला. (फेट्याची ओळ खोडलीय, पन दिसतीय.) संगं पाठराखीन म्हनून सासू येईल, ती पोळ्या लाटील पन लसून सोलनार न्हाई. आन खाली एक ओळ बायनाबाईनं मुद्दाम घालायला लावली, की पोरगी आली की तिची ओटी भरावी, हिरव्या बांगड्या घालाव्या, पहिल्याच रोजी भांड्याला बसवू नये.

मंग आत्याबाई म्हनल्या, आता पोरीचे गुन लिही. मी म्हनलं, आपलंच आपुन कसं लिहू? त्या म्हनल्या, तू कशाला सांगतीस, मी सांगते, तू नुसती लिही. आन मावशी, त्यांनी जे सांगाया सुरवात केली! म्हनं ही पोर उन्हातान्हात बाजार करती पन कधी तोंड वाकडं करत न्हाई. हिच्या हाताला चव हाय. उधारी मागाया गेली तर चहा पिऊन येती पन पैसे घिऊनच येती. म्या दवाखान्यात होते तवा हिनं मपलं डोकं इंचरून दिलं, मपल्या लेकीला सुचलं न्हाई. मी लिहिता लिहिता थांबले. म्हनलं, आत्याबाई, तुमी मपल्याबद्दलच बोलताय ना? का जाऊबाईबद्दल? तर म्हनल्या, "गप लिही. घरात बोलले असते तर डोक्यावर बसली असतीस." तीन वर्सं नांदून मला हे कॉलेजाच्या फॉर्मात कळलं बघ.

दुसरा प्रश्न ऱ्हायला. तुमी कधी चुकला आन त्यातनं काय शिकला? दोघी बाया एकदम वरडल्या, काय बी चुकली न्हाई म्हनून लिही, स्थळ मोडायचं हाय का! म्हनून लिहिलं, मुलगी कधी चुकली न्हाई, शेजारी इचारून घ्यावं. खाली बायनाबाईचा अंगठा.

अंजलीताईनं वाचलं तर पदर तोंडात कोंबून हसल्या, डोळं पुसलं, आन मी नगं नगं म्हनंस्तवर फोटू काढून धाडून बी दिलं. चार रोजामागं त्यांच्या मोबाईलवर निरोप आला. कॉलेजच्या बाई म्हनत्यात, असलं उत्तर आमाला कुनीच दिलं न्हाई, पाचव्या रोजी, म्हंजी उद्या, फोनवर पाच मिनिटं बोलनार, बोलनं जमलं तर सोमवारी पुन्याला बोलावनार. आन कुरडया कशा करत्यात तेबी इचारलंय! झालं. आत्याबाईनं गहू भिजत घातले. गल्लीतल्या समद्या बाजा कुरडयानं भरल्यात, संस्कृतीनं चीक खाऊन उरलेला डोक्याला लावलाय, आन आमचे मालक नवनाथराव इचारत्यात मपली भाकर कोन करंल, तर त्यांची आई म्हनती, तुजे हात काय म्हशीनं खाल्ले?

समदे हसत्यात, मी बी हसते. पन मावशी, मला लई भ्याव वाटतंय. तितल्या बाया फडाफडा बोलत्याल. लेकरू बिमार पडलं तर दवाखाना कुटं म्हनून कुनाला इचारू? तरी जावं वाटतंय. लई वाटतंय.

तुजी लेकरूवाली पोर,
वैष्णवी

ता. क. तुला एक डबा कारळाची चटनी हनुमानाजवळ दिलीय. त्यानं खाल्ली का बघ.

आनखी ता. क. आत्याबाई मला आता घरातनं सोडत न्हाईत! जाऊ नको म्हनत न्हाईत, रागानं बी न्हाई. त्यांचं म्हननं, पोरगी नांदायला माहेराहून जाती, मी सासू असून सुनंला दुसऱ्या घरी नांदायला धाडली तर लोक तोंडात शेन घालतील. म्हनून मपल्या दादानं मुराळी होऊन न्यायला यावं, मला आदी माहेरी उमापूरला न्यावं, आन तिथनं पुन्याला घालवावं. पन संस्कृतीच्या बारशाला दादाला दुसऱ्या पंगतीला बसवलं तवापास्नं तो या घरातला एक बी फोन उचलत न्हाई.

शेवटचं, आन हेच खरं काम. मोबाईल हौदात म्हनून फॉर्मावर मला पाठ असलेला एकच नंबर दिलाय, दादाचा, आन अंजलीताई उद्या गावात न्हाईत. कॉलेजच्या बाई उद्या त्यालाच फोन लावनार. दादाला दिवसभर कर्ज घ्या म्हनून फोन येत्यात, त्यामुळं अनोळखी नंबर दिसला की तो काय बोलतो ते तुला ठावूक हाय. अंजलीताईनं काल लावून बघितला, त्या अजून कुनाशी नीट बोलल्या न्हाईत. तो फकस्त तुजा नंबर ओळखतो. म्हनून वाचनाऱ्या दादा, ताई, जे कोनी असाल, मावशीला मोबाईल लावता येत न्हाई, तिच्या कनवटीला हाय, तो घ्या आन मपल्या दादाला, उत्तरेश्वरला, आत्ताच लावा. म्हनावं, पुन्याच्या बाईला शिवी देऊ नको, वैष्णवीला बोलायचंय तिच्याशी, म्हनून उद्या दिस उगवायच्या आत मोबाईल घिऊन वैष्णवीच्या सासरी ये. आत्याबाईनं टॉवेल-टोपी आनून ठिवलीय, पाट मांडून पहिल्या पंगतीला बसवते म्हनल्या. तरी तो आढेवेढे घेईल, तवा मावशीला बोलू द्या. गिऱ्हाईकाला म्हनावं थांब जरा, आन आदी फोन लावा.