धर तिला!

आबा,

हे पत्र धाडणार न्हाई, तरी लिहिते.

काल नगरला ऑटिझमच्या मुलांसाठी पैसे जमवायची मॅरेथॉन हुती. आपली धाकटी सुकन्या तशीच हाय, आबा. तिला भूत लागलं नव्हतं. देवऋषीचं ऐकून तुमी दर अमावास्येला तिला बैलाच्या आसुडानं फोडलं, पाठीची सालटी काढली. आसूड दिसला की ती उसात पळायची.

काल माझा पहिला नंबर आला. "एवढं पळायला कुठं शिकलात?" बक्षीस देताना पाहुण्यांनी विचारलं. काय सांगू? तुमी ओरडायचा, "ज्योते, धर तिला!" आणि मी तिला उसात गाठून, केसाला धरून फरफटत तुमच्यापुढं आणायचे.

घरी आले. माझ्या हातात मेडलची फीत लोंबताना बघून सुकन्या पळाली.

मी जागची हलले न्हाई.

ज्योती