तीन पंपांचा घन

मी, सायकाल झुमाबायेवा, वय वर्षे एकाहत्तर, राहणार काराताश, निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहिते. फुप्फुसे कामातून गेली आहेत. डोके शाबूत आहे, तसे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे.

राहते घर सून नुरिला हिला. माझ्या भावाने त्यावर हक्क सांगू नये. माझा मुलगा मार्लेन खाणीत पाणी भरून बुडाला तेव्हा हा चाळिसाव्या दिवसाचे जेवण जेवून गेला, नुरिलाशी शब्द बोलला नाही.

भूमितीची पुस्तके आणि वर्गात साबणाचे घन कापून दाखवायची तार शाळेला.

खाणीचा संचालक ओरोझबेक माझा विद्यार्थी, माझा लाडका. पाणी उपसणारे तिन्ही पंप एकदम बंद पडण्याची शक्यता त्याने माझ्याच रीतीने काढली. प्रत्येक पंपाची बंद पडायची वेळ घनाच्या एकेका बाजूवर मोजायची; धोका फक्त कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णाभोवती, जिथे तिन्ही वेळा सारख्या येतात त्या काडीएवढ्या जागेत. काडीचे घनफळ भागिले घनाचे. उत्तर नगण्य आले. तरी तिन्ही एकदम बंद पडले आणि खाण बुडाली. चौकशीआधी तो माझ्या उशाशी आला.

"बाई, समितीपुढे एवढंच सांगा, गणित बरोबर होतं. बाकी नशीब."

"तिन्ही पंपांना वीज कुठून येते रे?"

"एकाच तारेतून. दुसरी टाकायला पैसे कुठेयत?"

"मग तार तुटली की तिन्ही एकाच क्षणी बंद! बिंदू कर्णाबाहेर पडेलच कसा? घन उरलाच कुठे, गाढवा?"

तो मान खाली घालून चहा ढवळत बसला. मला त्याचा अभिमान होता. आता तोंड बघवत नाही. दुसऱ्या बोगद्यात आजही तसेच पंप आहेत, तीच तार आहे, आणि खाली माणसे आहेत. नुरिलाचा भाऊ त्यांतच.

सबब गाय, दोन्ही घोडे व बँकेतली शिल्लक विकून-मोडून तिथल्या एका पंपाला स्वतंत्र डिझेल इंजिन घ्यावे. व्यवहार पुतण्या काचकिनने करावा, ओरोझबेकच्या हाती काही देऊ नये. माझ्या चाळिसाव्याला घोडा कापू नये. लोक नावे ठेवतील, ठेवू देत.

मार्लेन अजून पाण्याखालीच आहे. माझ्या कबरीशेजारची जागा त्याची.

माझ्या दफनाच्या नमाजाआधी काचकिनने रीतीप्रमाणे जमलेल्यांना विचारावे, मयताचे कोणाला काही देणे आहे का. मग हेही विचारावे, मयताचे कोणाकडे काही येणे आहे का. ओरोझबेक सर्वांदेखत त्या एका तारेबद्दल तोंड उघडेपर्यंत माझा जनाजा उचलू नये.

लिहून देणार: सायकाल झुमाबायेवा (सही)
साक्षीदार: तुरसुनाई मामीतोवा, शेजारीण (सही)
साबीर मुल्ला (सही)
काराताश, ९ नोव्हेंबर २००८