पाहुणी घरात, मी बाजूला

आई, काल नातीनं विचारलं, "आजी, तू परदेशात कधीच कशी गेली नाहीस गं?" आणि माझ्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "माझ्या आईचं सोवळं आडवं आलं." तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावर खापर फोडायची माझी खोड जात नाही. "किती दुष्ट होती तुझी आई!" असं ती म्हणाली, आणि मी ताट सारून उठले.

साठ सालानंतरची गोष्ट. युरोपातल्या आठ मुली आठवडाभरासाठी आमच्या शाळेत आल्या होत्या, आणि त्यातली एक जर्मन मुलगी चिकपेटेच्या बाजारातल्या आपल्या घरी, दुकानावरच्या माडीवर उतरली होती. ही काय खाईल, कुठं झोपेल, म्हणून तुझा जीव नुसता टांगणीला. आल्या आल्या ती बूट घालून थेट देवघरात शिरली, तरी तू हूं की चूं केलं नाहीस. तिची पाठ वळल्यावर गुपचूप जमीन पुसून घेतलीस. जेवताना तिनं चित्रान्नाचा पिवळा भात हातानं खाल्ला, आपल्या कानडीत "स्वल्प, स्वल्प" म्हणत पुन्हा पुन्हा वाढून घेतलं, आणि तू पदर तोंडाला लावून हसत सुटलीस. शनिवारी निरोपाचा समारंभ होता. त्यात मी इंग्रजीत भाषण करायचं, आणि ते नीट झालं की बदल्यात जर्मनीला जाणाऱ्या मुलींमध्ये माझं नाव, असं मोठ्या बाईंनी अण्णांना सांगितलं होतं. मग काय, अण्णांना आकाश ठेंगणं! गिऱ्हाइकापुढं साडी उलगडता उलगडता सांगायचे, "नम्म हुडुगी, आपली पोरगी, जर्मनीला चाललीय!"

बुधवारी तालीम झाली. तिसऱ्या वाक्याला माझी वाचा बसली ती बसलीच. समोर त्या गोऱ्या मुली, मागं आमच्या वर्गातल्या कुजबुजताहेत, बाई म्हणताहेत, "होईल गं शनिवारी." घरी येते तर अण्णांनी नवी ट्रंक आणून ठेवलेली, आणि तू शेजारच्या अक्कांना बोलावून माझ्या कोटाचं लोकरीचं कापड दाखवते आहेस. तुला जायचंय का, असं मला एकानंही विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी "नाही" म्हणायला त्या घरात जागा कुठं होती? सगळे इतके खुशीत!

गुरुवारी सकाळी मी तुला दाराबाहेरूनच सांगितलं, कावळा शिवला. "एवढ्यात?" तू म्हणालीस. मी म्हटलं, "धावपळ झाली ना." "सरी, बरं," म्हणून तू मागच्या खोलीत चटई टाकलीस. तीन दिवस कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, मग घरात यायचं. शनिवार तिसरा दिवस होता. त्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांचा कुबट वास, वर हातभर खिडकी, आणि भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात तू पाहुणीला पोळी लाटायला शिकवते आहेस, दोघी खिदळताहात. तिला तू "फीवर, फीवर" एवढंच सांगू शकलीस. पण ती कसली ऐकते! संध्याकाळी उंबऱ्याबाहेर बसून माझंच भाषण मला मोठ्यानं वाचून दाखवायची, मी विसरू नये म्हणून. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

शनिवारी सकाळी तू दारात आलीस. डोळे लाल. म्हणालीस, "ऊठ. न्हा आणि जा शाळेत. कुणाला सांगायचं नाही. देवाचं काय ते मी बघून घेईन." तू, आई! जिनं कधी ओल्या सोवळ्याशिवाय चूल पेटवली नाही, ती तू हे म्हणालीस. आणि मी मान खाली घालून, अगदी साळसूदपणे उत्तर दिलं, "नको आई. घरात चालत आलंय ते मोडायला नको." भाषण दुसऱ्याच मुलीनं केलं, जर्मनीलाही तीच गेली. अण्णा महिनाभर दुकानात कुणाशी धड बोलले नाहीत, आणि तुझ्याशी तर मुळीच नाही.

शेवटच्या आजारात माझा हात धरून तू म्हणालीस, "तेव्हा तुला ओढून बाहेर काढायला हवं होतं गं मी. माझ्या सोवळ्यापायी तुझं राहिलं." आणि मी काय म्हणावं? "जाऊ दे गं, झालं गेलं." माफ केलं मी तुला! लाज कशी वाटली नाही मला मेलीला?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. आई, त्या गुरुवारी मला काहीही आलं नव्हतं. मी भाषणाला भ्याले होते, आणि आपल्या घरात तेवढी एकच खोली अशी होती, जिथं जाऊन बसलं की कुणी का म्हणून विचारत नसे.