पाच म्हणजे पाचच

मुंबई, मंगळवार

तीर्थरूप मामांस पाय धरून खंडूचा नमस्कार. मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. आपली तब्येत कशी आहे? (हे मात्र रीत म्हणून विचारत नाही. कारण पुढं कळेल.)

शनिवारी तुमच्या तालमीतल्या ज्ञानदेवाच्या संघाची कबड्डी आमच्या टीव्ही केंद्रावरून थेट दाखवायची होती. थेट म्हणजे इथं खेळाडू शिंकला की त्याच क्षणी दौंडच्या रेल्वेवाल्यांच्या सेटवरही शिंकतो. खेळ ठीक पाचला. पण मी आपल्या माणसांना ओळखून आहे. पत्रिकेत दहाचा मुहूर्त छापला की अक्षता पडायला बारा वाजतात. म्हणून मी संघाला तीनची वेळ कळवली. मला काय ठाऊक, तुम्हीही मला ओळखून आहात! दौंड स्टेशनात तुम्ही पोरांना म्हणालात म्हणे, “खंडू तीन म्हंतोय? म्हंजी खेळ पाचला हाय. निवांत जावा.” त्यावर ज्ञानदेवानं आपली अर्ध्या तासाची सूट धरली आणि सगळे समुद्र बघायला गेले.

पाच वाजले, कॅमेरा सुरू झाला. मैदानात मुंबईचा संघ एकटाच मांड्या थोपटतोय आणि हेडफोनमधून आमचे साहेब माझ्या कानात ओरडतायत, वेळ काढ, काहीतरी कर! मी फक्कीचं घमेलं उचललं आणि मैदानाच्या रेषा ओढायला लागलो. त्या सकाळीच ओढलेल्या होत्या. पस्तीस मिनिटं, मामा, कॅमेऱ्याकडं पाठ करून, वाकून! मधली रेषा तर मी चारदा ओढली. निवेदकाचा घसा रेषांचं महत्त्व सांगून बसला. मग आपला संघ आला, तर ज्ञानदेव म्हणतो, “आदी नारळ. त्याबिगर मैदानात पाय न्हाई टाकायचा.” नारळही तिसऱ्या आपटण्याला फुटला. पावणेसहाला कार्यक्रम संपला, तेव्हा ज्ञानदेव पहिल्याच चढाईत होता. (पुढं तो पकडला गेला. दौंडला कळवा, लोक ताटकळले असतील.)

मी अजून कच्च्या नोकरीत आहे. एक तारखेला पक्का होणार होतो. साहेबांनी आत बोलावून उशिराचं कारण विचारलं. तीनचं खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी गावाकडची एसटी धरावी लागली असती. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हे लिहितानाही दर ओळीला घड्याळ बघतोय. असो. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

आपला भाचा
खंडू

ता. क. निघताना तुमच्या छातीत कळ आली, म्हणून संघाला उशीर झाला, असं मी साहेबांना सांगितलंय. साहेब हळवे निघाले. रविवारी ते स्वतः मांडवगणला घरी तुम्हाला बघायला येतायत. घोंगडं पांघरून बाजेवर पडून राहा, फार बोलू नका. तालमीत गेलात तर माझी नोकरी गेली.

आणखी एक. तुम्ही भांडगावला अंजनाताईच्या सासरी गेलात असं ज्ञानदेव म्हणाला, म्हणून पत्र तिकडं टाकतोय. साहेबांनी मात्र मला न विचारता तुमच्या छातीच्या दुखण्याची चौकशी करणारी तार मामींच्या नावे मांडवगणला केली. ती आज पोचली असेल. तेव्हा घरी पोचल्यावर दारात रडारड दिसली तर घाबरू नका, ती तुमच्यासाठीच आहे. मामींना आत नेऊन हळूच खरं सांगा. पण बाहेरच्या लोकांदेखत, मामा, जरा छाती धरून चाला.