दोन ग्रामसाठी तीन काटे

अमरावती, भर मे महिना
(तापमान लिहीत नाही. तुम्ही अकोल्याचे लोक लगेच आपलं जास्त सांगता.)

चि. श्रावण यास ताईचे आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तम असणार, कारण फोन तू दुखणं आलं किंवा अडगळ सापडली तरच करतोस, आणि यावेळी अडगळ सापडली आहे.

तर कपाटात सापडलेल्या त्या कॅमेऱ्याबद्दल. आतल्या रोलवर आईचे चिखलदऱ्याचे शेवटचे फोटो आहेत. ती गेली आणि रोल धुवायचा राहून गेला. इथला स्टुडिओवाला म्हणाला, "ब्लॅक अँड व्हाइट आता कोनी धुत नाही, मॅडम," आणि मला लग्नाचं पॅकेज दाखवू लागला (माझं वय अडुसष्ट). म्हणून मीच घरी धुणार. बी.एस्सी.चं रसायनशास्त्र चाळीस वर्षं खाण्याच्या सोड्यावरच खर्च झालं आहे.

धुण्याच्या द्रावणात मेटॉलची पूड लागते दोन ग्राम. स्वयंपाकघरातला काटा (नणंदेची भेट, म्हणून बोलत नाही) दोन ग्रामला शून्य दाखवतो आणि आणखी चिमूटभर टाकलं की एकदम चार. प्रयोगशाळेच्या तराजूच्या किमतीत ह्यांचा दुसरा गुडघा बदलून होईल. वजनकाट्यांचा दुकानदार म्हणाला, "बाई, दोन ग्रामनं का होते? अंदाजानं टाका ना!" मी विचारलं, बीपीची गोळीही अंदाजानेच खाता का? मग त्याने निमूटपणे सोनारांचा खिशात मावणारा काटा काढला. सातशे रुपये.

घरी आणला तर आकडा ठरेना. १.९३, २.११, १.८७. बदलून आणला. दुसराही तसाच. तेव्हा दुकानात मी जे बोलले ते ऐकून दोन गिऱ्हाइकं काही न घेताच गेली. तिसराही नाचू लागला, तेव्हा हे पलंगावरून म्हणाले, "काहून त्या गरिबाच्या मागं लागून राह्यली? कूलर बंद करून पाह्य ना." बंद केला. आकडा दोनवर जो बसला तो हललाच नाही. (तिसऱ्या मिनिटाला हे: "झालं असन त लाव आता.") दोष काट्यांचा नव्हता हे मला मान्य आहे. दुकानदाराला सांगणार नाही.

आता कॅमेरा तू स्वतः घेऊन ये. एसटीत मांडीवर ठेव. मागचं झाकण 'जरा बघू' म्हणून उघडू नकोस. आत उजेड शिरला की आई गेली.

तुझी,
जयवंताताई

ता. क. कुरिअरने पाठवलास तर परत अमरावतीत पाऊल ठेवू नकोस.

ता. क. २. फोटो मीच काढले होते. लेन्सवरचं टोपण काढलं होतं की नाही, ते आठवत नाही. त्या कॅमेऱ्याची बघायची खिडकी वेगळी, त्यामुळे मला आई दिसतच होती. ती सारखी लेन्सकडे बोट दाखवून हसत होती आणि मी तिला नीट उभी राहा म्हणून रागावत होते. रोल कोरा निघाला तर दोष काट्याचा, हे आपल्या दोघांत आत्ताच ठरलं.